बालकाची टाळू : मेंदूतील रक्तवाहिन्या पाहण्याची खिडकी

भाषाविज्ञानाच्या तासाला उच्चारस्थाने शिकविताना सरांनी काही वर्णांना तालव्य म्हणतात असे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले होते, “सर, टाळू तर डोक्यावर असते ना?” वर्ग हसला, पण प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. संस्कृतातील तालु म्हणजे तोंडातील वरचे छत. मराठीने मात्र टाळू हा एकच शब्द त्या छतालाही लावला आणि तान्ह्या मुलाच्या माथ्यावर जी मऊ, हळूहळू उडणारी जागा असते तिलाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या टाळूविषयी आहे, आणि त्या जागेतून बालकाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या कशा पाहतात याविषयी आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यकावर लिहिण्याचा अधिकार मला नाही हे आधीच कबूल करतो. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईला तिसाव्या आठवड्यात, म्हणजे पुरते सात महिने होतात न होतात तोच, मुलगी झाली. वजन साडेबाराशे ग्रॅम. आर्वी तालुक्यातील आमच्या गावाहून ताईला जिल्ह्यातील एका मोठ्या रुग्णालयात आणले होते. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर छोटे यंत्र ढकलत आल्या आणि त्यांनी बाळाच्या टाळूवर चिकट पदार्थाचा थेंब ठेवला. दाराच्या काचेतून पाहणारी आमची आजी घाबरली. “लेकराच्या टाळूले काय लावून राह्यली वं माय? थंड हाय ते!” डॉक्टर हसून म्हणाल्या, “आजी, काही होत नाही. पुसलं की निघून जातं.” सायंकाळी त्यांनी भाऊजींना सांगितले, की मेंदूत डाव्या बाजूला थोडासा रक्तस्राव दिसतो आहे, पहिल्या श्रेणीचा आहे, लक्ष ठेवू. भाऊजींनी ते फोनवर घरी कळविले. घरून ते शेजारी गेले, आणि रात्रीपर्यंत गावात बातमी अशी झाली, की पोरीच्या डोक्यात नस फुटली, आता ती काही कामाची नाही. एक दूरच्या मावशी तर ताईला समजावून गेल्या, की मुलगीच आहे, फार जीव लावू नको.

त्या एका वाक्यामुळे मी हा अभ्यास केला. ‘श्रेणी’ म्हणजे काय, ‘दिसते’ म्हणजे नेमके काय दिसते, आणि जे दिसते त्यावरून किती बोलता येते, हे मला समजून घ्यायचे होते. पुस्तके वाचली, वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मित्राला भंडावून सोडले. जे समजले ते मित्रांपुढे ठेवतो.

प्रथम टाळूच. नवजात बालकाची कवटी अखंड नसते. हाडांचे पातळ तुकडे एकमेकांशेजारी ठेवलेले असतात आणि त्यांचे सांधे मोकळे असतात. प्रसूतीच्या वेळी अरुंद वाटेतून येताना डोके थोडे दबावे आणि नंतर मेंदूला वाढायला जागा मिळावी, अशी ही सोय आहे. जन्मतः मेंदूचे वजन सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम असते आणि पहिल्या वर्षाअखेर ते दुपटीहून अधिक होते. कपाळाची दोन हाडे आणि माथ्याची दोन हाडे जेथे भेटतात तेथे पतंगाच्या आकाराची फट राहते, ती पुढची टाळू. मागे एक लहान टाळू असते, ती दोनतीन महिन्यांतच मिटते. पुढची टाळू साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास मिटते. कोणाची आधी, कोणाची दोन वर्षांपर्यंतही उघडी राहते.

आपल्या घरच्या बायकांना ही जागा चांगली ठाऊक आहे. बाळ न्हाऊ घालून झाले की टाळूवर तेल थापायचे, याला टाळू भरणे म्हणतात. तेलाने टाळू भरत नाही, हाड आपल्या वेगानेच वाढते. पण या रोजच्या स्पर्शातून आलेले निरीक्षण खोटे नाही. हगवण लागून अंगातले पाणी गेले की टाळू खोल जाते हे आमची आजी बोटाने ओळखते, आणि डॉक्टरही तेच पाहतात. डोक्यातील दाब वाढला तर टाळू फुगून ताठ होते. टाळू उडते ती आतील रक्तवाहिन्यांच्या ठोक्याने. म्हणजे मेंदूच्या रक्ताभिसरणाशी आपला पहिला परिचय यंत्राने झालेला नाही, बोटाने झाला आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातील मर्मे सांगताना माथ्यावरील मर्माला अधिपति म्हटले आहे, हेही येथे आठवते.

आता यंत्राकडे वळू. माणसाच्या कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. १८८० मध्ये झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी दाखविले, की काही स्फटिक दाबले असता त्यांच्यावर विद्युत्भार येतो. आणि उलटपक्षी विद्युत्दाब दिला तर स्फटिक कंप पावतात, हेही लवकरच सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच गुणधर्माचा उपयोग पाण्याखालील पाणबुड्या शोधण्यासाठी केला. युद्धासाठी निघालेली ही युक्ती वैद्यकात आली, आणि मला फार नवल वाटले ते असे, की वैद्यकात ती प्रथम मेंदूच पाहण्यासाठी वापरली गेली. ऑस्ट्रियातील कार्ल दुसिक यांनी १९४२ मध्ये डोक्यातून आरपार ध्वनी पाठवून मेंदूतील पोकळ्यांची चित्रे काढल्याचे जाहीर केले. पुढे १९५०च्या दशकात असे आढळले, की त्या चित्रांतील आकार बव्हंशी कवटीच्या हाडामुळेच उमटले होते. हाड ध्वनीला अडविते, शोषते, वाकडे नेते. प्रौढ माणसाच्या मेंदूवर ध्वनीची वाट तेथेच अडली. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी गर्भाशयातील गर्भ ध्वनीने दाखविला आणि सोनोग्राफी पोटाकडे वळली. बालकाच्या उघड्या टाळूवर यंत्राचा शोधक ठेवून खालचा मेंदू पाहण्याची पद्धत रूढ झाली ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस. दुसिक यांना जे हाड नडले ते तान्ह्या बाळाच्या माथ्यावर निसर्गाने ठेवलेलेच नाही, हे ध्यानी यायला इतकी वर्षे लागली!

पद्धत सोपी आहे. शोधकातील स्फटिक सेकंदाला ५० लाख ते १ कोटी कंपनांचा ध्वनी आत पाठवितो, मग क्षणभर गप्प बसून प्रतिध्वनी ऐकतो. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. पाच सेंटीमीटर खोल असलेल्या भागावरून आदळून परत यायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधरा हजारावा भाग लागतो. प्रतिध्वनीला किती वेळ लागला यावरून खोली, तो किती जोरात आला यावरून पडद्यावरचा ठिपका किती पांढरा, एवढेच यंत्राचे गणित. पाणी प्रतिध्वनी देत नाही म्हणून काळे दिसते. हाड पांढरेशुभ्र. मेंदू राखाडी. ताजे गोठलेले रक्त पांढरट. तो चिकट पदार्थ लावतात तो शोधक आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून, कारण हवेची पातळ फटही ध्वनीला परतवून लावते. क्ष-किरणांचा यात संबंध नाही, बाळाला झोपेचे औषध द्यावे लागत नाही, त्याला पेटीतून बाहेरसुद्धा काढावे लागत नाही.

ताईच्या मुलीच्या मेंदूत जे दिसले ते कोठे होते? गर्भात मेंदूच्या पेशी जेथे जन्मतात आणि जेथून बाहेर सरकतात, तो मऊ थर मेंदूतील पोकळ्यांच्या तळाशी असतो. डॉक्टर त्याला जर्मिनल मॅट्रिक्स म्हणतात. त्याला रक्त भरपूर लागते, म्हणून तेथे केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. पण ते जाळे तात्पुरते. काम संपले की थरही विरतो आणि जाळेही. साधारण बत्तीस ते चौतीस आठवड्यांपर्यंत हे होऊन जाते. तात्पुरत्या मांडवाला कोणी पक्के खांब घालीत नाही, तशा या केशवाहिन्यांच्या भिंती अत्यंत पातळ असतात. बाळ त्याआधीच जन्मले की मांडव अजून उभाच असतो, आणि त्यावर बाहेरच्या जगाचा वारा येतो : श्वासाची धडपड, रक्तदाबाचे चढउतार, प्राणवायूची उणीव. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू रक्ताचा ओघ स्वतः नियंत्रित करायला अजून शिकलेला नसतो. मग एखादी केशवाहिनी फुटते. असा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच होतो, म्हणून ती सोनोग्राफी तिसऱ्या दिवशी होती.

श्रेणी चार आहेत. १९७८ मध्ये अमेरिकेतील ल्यु-अ‍ॅन पॅपिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ठरविल्या. रक्त त्या मऊ थरापुरतेच असले तर पहिली. शेजारच्या पोकळीत उतरले पण पोकळी फुगली नाही तर दुसरी. पोकळी रक्ताने भरून फुगली तर तिसरी. मेंदूच्या प्रत्यक्ष गाभ्यात इजा दिसली तर चौथी. या चौथीविषयी आता असे मानतात, की रक्त पुढे फुटून जाते असे नव्हे. आतील गुठळीच्या दाबाने तेथील नीला तुंबतात आणि त्या टापूला इजा होते. पहिल्या दोन श्रेणींतील बहुतेक बाळांचे पुढे बरे चालते. तिसरी आणि चौथी गंभीर. त्यांत डोक्यात पाणी साठण्याचा आणि हातापायांत ताठरपणा येण्याचा धोका मोठा असतो. म्हणजे पहिली आणि चौथी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि आमच्या गावाने दोन्हींना एकच नाव दिले होते : नस फुटली. शाळेत पहिली श्रेणी सर्वांत चांगली असते, येथेही योगायोगाने तसेच आहे, पण हे आजीला समजावताना मला बराच वेळ लागला. तिला वाटत होते, पहिला नंबर म्हणजे सगळ्यांत मोठा आजार.

हा रक्तस्राव टाळण्याचे उपाय यंत्राहून जुने आणि स्वस्त आहेत. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखविले, की अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. पुढे असे दिसून आले, की त्यामुळे मेंदूतील रक्तस्रावही कमी होतो. आपल्याकडे यासाठी डेक्सामेथासोन वापरतात. औषध अगदी स्वस्त आहे. २०१४ मध्ये केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी उपकेंद्रातील परिचारिकेलाही पहिली मात्रा देऊन आईला पुढे पाठविण्याची मुभा दिली. आष्टी किंवा कारंजाच्या टोकाच्या गावाहून निघालेली बाई वर्धा-सेवाग्रामला पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, तो वेळ या एका सुईने वाया जात नाही. नाळ घाईने न कापणे, बाळाला थंडी लागू न देणे, सलाईन भरभर न सोडणे, डोके एका बाजूला न मुरडता सरळ ठेवणे, हे इतर उपाय. ताईला निघण्यापूर्वी इंजेक्शन मिळाले होते. ते कोणी दिले त्या परिचारिकाबाईंचे नाव आम्ही विचारलेच नाही.

आता रंगीत चित्राविषयी. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला सिद्धांत विज्ञानाच्या मित्रांना ठाऊक असेल : ध्वनीचा उगम जवळ येत असला तर सूर चढतो, दूर जात असला तर उतरतो. वर्धा पूर्व, म्हणजे आताचे सेवाग्राम, या स्थानकावर न थांबणारी गाडी शिटी वाजवीत निघून जाते तेव्हा हे आपण सर्वांनी ऐकले आहे. रक्तपेशींवर आदळून आलेल्या प्रतिध्वनीचा सूर असाच बदलतो. यंत्र तो फरक मोजते आणि शोधकाकडे येणारे रक्त बहुधा लाल, दूर जाणारे निळे असे रंगविते. येथे एक गैरसमज सांगितला पाहिजे, कारण तो माझाही होता. शाळेच्या पुस्तकात शुद्ध रक्त लाल आणि अशुद्ध रक्त निळे असे चित्र असते. म्हणून पडद्यावरचा लाल म्हणजे रोहिणी आणि निळा म्हणजे नीला असे मी धरून चाललो. तसे मुळीच नाही. तीच रोहिणी वळण घेऊन खाली गेली की निळी दिसते. रंग फक्त दिशा सांगतो.

रंगाबरोबर वेगही मोजता येतो. समजा, मेंदूच्या पुढच्या रोहिणीत हृदयाच्या ठोक्याबरोबर रक्ताचा वेग सेकंदाला ५० सेंटीमीटर झाला आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तो १५ वर आला. फरक ३५, त्याला ५० ने भागले की ०.७ येते. या आकड्याला रोधांक म्हणू. पूर्ण दिवसांच्या नवजात बालकात तो साधारण ०.७ च्या आसपास असतो. डोक्यातील दाब वाढला तर दोन ठोक्यांमधला ओघ अडतो आणि आकडा १ कडे सरकतो. जन्मताना गुदमरलेल्या बाळात वाहिन्या सैलावतात आणि काही काळाने तो आकडा फार खाली उतरतो. तेही चांगले लक्षण नव्हे.

या रंगाचे महत्त्व ज्या व्याधीत सर्वांत ठळक दिसते ती आता सांगतो. मेंदूच्या मध्यभागी, खोल, एक मोठी नीला आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलन यांचे नाव तिला आहे. क्वचित असे होते, की गर्भावस्थेतच काही रोहिणी केशवाहिन्यांचे जाळे टाळून थेट या भागातील नीलेत उघडतात. पाटाचे पाणी वाफ्यात न जिरता सरळ नाल्यात पडावे तसे. नीला त्या ओघाने फुग्यासारखी फुगते. मेंदूला रक्त पुरत नाही ते वेगळेच. पण पहिला घाव बसतो हृदयावर, कारण तेच रक्त त्याला पुनःपुन्हा फेकावे लागते. बाळ धापा टाकते, दूध ओढत नाही, यकृत सुजते. सगळ्यांचे लक्ष छातीकडे जाते आणि दुखणे असते डोक्यात. जाणता डॉक्टर अशा वेळी टाळूवर स्टेथोस्कोप ठेवतो. तेथे रक्ताच्या ओघाचा घूंऽऽ असा आवाज येऊ शकतो. साध्या राखाडी सोनोग्राफीत ती फुगलेली नीला काळा गोल दिसते आणि पाण्याची गाठ आहे असे वाटू शकते. रंग चालू केला की तो काळा गोल एकदम लाल-निळ्या भोवऱ्याने भरून जातो. पाण्याची गाठ आणि रक्ताचा भोवरा यांतला भेद एका कळीने कळतो.

गंमत अशी, की जिला गॅलनचे नाव आहे ती फुगलेली वाहिनी गॅलनची नीला नसतेच. फ्रेंच संशोधक शार्ल रेबो यांनी १९८९ मध्ये दाखविले, की ती गर्भावस्थेतील एक पूर्वज-नीला आहे, जी एरव्ही लोपते आणि येथे लोपायची राहून गेली. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच; भाषेत असे पुष्कळदा होते. या व्याधीची बाळे पूर्वी बहुतेक दगावत. १९८०च्या दशकापासून पॅरिसचे प्येर लास्जोनियास आणि इतरांनी मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, डिंकासारख्या पदार्थाने तो चुकीचा मार्ग बुजविण्याची पद्धत विकसित केली. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे तर हा उपचार बाळ आईच्या पोटात असतानाच, सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने करण्यात आला.

याच्या अगदी उलट टोकाला एक निष्कर्ष आहे, जो अहवालात पुष्कळदा येतो आणि आईबापांची झोप उडवितो. मेंदूच्या खोल भागात मसुराच्या आकाराचे एक केंद्र आहे. त्याला रक्त देणाऱ्या बारीक रोहिणी एरव्ही सोनोग्राफीत ठळक दिसत नाहीत. काही बाळांत त्या पांढऱ्या रेघांसारख्या, निष्पर्ण झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात. इंग्रजीत याला लेंटिक्युलोस्ट्रायेट व्हॅस्क्युलोपथी असे भारदस्त नाव आहे. वाहिन्यांच्या भिंतीत किंवा भोवती क्षार साठल्याने त्या अशा दिसतात. कधी यामागे गर्भात झालेला सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग असतो, कधी गुणसूत्रांचा दोष, कधी प्राणवायूची उणीव. आणि कितीतरी वेळा काहीच सापडत नाही आणि मूल उत्तम वाढते. तेव्हा त्या रेघा म्हणजे रोग नव्हे, पुढे तपासा अशी खूण आहे. विषाणू आहे का पाहा, कान नीट ऐकतात का पाहा, मुलाची वाढ पाहा. ‘व्हॅस्क्युलोपथी’ एवढा शब्द कागदावर टाकून बापाच्या हाती देणे आणि पुढे काही न बोलणे, यापेक्षा तो न लिहिलेला बरा असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र याच बारीक रोहिणींचा एक गंभीर प्रकार आपल्या देशातील डॉक्टरांनी विशेष बारकाईने वर्णिला आहे. २०१४ मध्ये हैदराबादच्या बालमेंदूतज्ज्ञांनी अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण सहा महिने ते दोन वर्षांचे, खेळते मूल खाटेवरून किंवा पायरीवरून पडते. पडणे किरकोळ, खोकसुद्धा पडत नाही. पण काही मिनिटांत वा तासांत एका बाजूचा हातपाय लुळा पडतो. सीटी स्कॅनमध्ये त्या रोहिणींवर क्षारांच्या बारीक रेघा दिसतात आणि मसूर-केंद्राच्या टापूत रक्त न पोहोचल्याची खूण असते. यांतील बऱ्याच मुलांत लोहाची कमतरता, म्हणजे साधा पांडुरोग, आढळतो. बहुतेक मुले चांगली सुधारतात. आपल्याकडे असे मूल आले की प्रथम दृष्ट, बाहेरची बाधा, अंगारा यांत दिवस जातात. म्हणून येथे एवढेच सांगतो : पडल्यानंतर मुलाने एक हात वापरणे सोडले, तोंड वाकडे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. टाळू उघडी असली तर सोनोग्राफीतही पुष्कळदा सुगावा लागतो, पण येथे खरा भरवसा सीटी स्कॅनचा.

कारण टाळूच्या खिडकीलाही मर्यादा आहेत. खिडकीच्या अगदी समोरचे आणि मधले चांगले दिसते. भिंतीलगतचे, म्हणजे मेंदूच्या कडांचे, नीट दिसत नाही. लहान मेंदू दूर पडतो. त्याच्यासाठी कानामागच्या लहान टाळूतून पाहावे लागते. प्राणवायूअभावी झालेली इजा पहिल्या दिवसांत दिसेलच असे नाही. तेथे एमआरआय सरस. आणि शोधक धरणारा हात शिकलेला नसेल तर यंत्र काहीच सांगत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीबाहेर एक पाटी असते : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला, १९९६ च्या आरंभापासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. ज्या यंत्राने पोटातील मुलगी हेरता येते त्याच जातीचे यंत्र पेटीतील बाळाच्या टाळूवर ठेवायचे असते. म्हणून नवजात शिशुविभागातील यंत्रालाही नोंदणी लागते, ते वाटेल तेथे नेता येत नाही, कागदपत्रे ठेवावी लागतात. काही डॉक्टरांना हा जाच वाटतो, आणि जन्मलेल्या बाळाच्या डोक्यापुरता तो जाच आहेही. पण मावशींचे ते वाक्य मी कानांनी ऐकले असल्यामुळे कायदा ढिला करा असे माझ्याने लिहवत नाही.

वर्धा जिल्हा या बाबतीत भाग्यवान म्हटला पाहिजे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी उभे केलेले कस्तुरबा रुग्णालय आहे. त्याच्याच आधारे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. सावंगी मेघे येथे १९९० पासून दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन वैद्यकीय महाविद्यालये इतक्या जवळ असणे हे राज्यातील अनेक जिल्ह्यांच्या नशिबी नाही. आणि ज्या गावात यंत्र नाही तेथे काय? सेवाग्रामच्या परिसरात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीत गावच्याच बायकांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकविले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तेथे टाळूवर यंत्र नव्हते. ऊब होती, स्वच्छ हात होते, श्वास मोजणे होते. यंत्राचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. बाळ तिसऱ्या दिवसापर्यंत जगले तरच तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी.

आमच्या मुलीची दुसरी सोनोग्राफी सातव्या दिवशी झाली. डाग होता तेवढाच होता. चौथ्या आठवड्यात त्याच्या जागी काळा, ज्वारीच्या दाण्याएवढा पोकळ ठिपका दिसला. रक्त विरले की असे होते असे डॉक्टरांनी सांगितले. या खेपेस मी स्वतः भाऊजींबरोबर होतो आणि दोन प्रश्न विचारण्याइतका तयार झालो होतो : पोकळ्या फुगल्या आहेत का, आणि गाभ्यात काही आहे का. दोन्हींना उत्तर नाही असे आले. ते उत्तर मी कागदावर मराठीत लिहून घेतले आणि गावी गेल्यावर आजीला वाचून दाखविले. मावशीही होत्या. त्यांनी विचारले, “म्हणजे पोरगी शहाणी निघंल?” मी म्हटले, ते सोनोग्राफी सांगत नाही, ते ती मोठी झाली म्हणजे पाहू.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला नेत होतो. मान धरली उशिरा, बसली उशिरा. पण अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे वय जन्मतारखेपासून नव्हे तर नियोजित तारखेपासून मोजतात हे एव्हाना घरात सर्वांना पाठ झाले होते. चौदाव्या महिन्यात डॉक्टरांनी टाळूवर बोट ठेवले, क्षणभर चाचपले आणि म्हणाल्या, “आता इथून काही दिसायचं नाही. मिटत आली.” आजीने लगेच विचारले, “मंग तेल लावू का बाई?” त्या म्हणाल्या, “लावा आजी, हलक्या हातानं लावा.” सोळाव्या महिन्यात ती भिंतीला धरून चालू लागली. उजवा पाय किंचित फेंगडा पडतो असे ताईला वाटे, म्हणून व्यायामासाठी आजही महिन्यातून एकदा वर्ध्याला यावे लागते. आर्वीची एसटी सकाळी मिळाली तर दुपारपर्यंत काम आटोपते.